मॉनिटर मुलाचा की घराचा?

रत्नागिरीच्या नाचणे भागातून एका ताईंचे चार पानी पत्र आले आहे. मजकूर थोडक्यात असा. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला अभ्यासासाठी आणि गेम खेळण्यासाठी नवा संगणक हवा आहे. निम्मे पैसे मुंबईचे काका देणार आहेत, उरलेले ताईंनी भिशीतून जमवले आहेत. बाकी सगळे सुटे भाग ठरले आणि मॉनिटरपाशी येऊन घरात वाद पेटला. मुलगा म्हणतो, ३२ इंची, वळणदार, फोर-के मॉनिटरच पाहिजे. त्याचे बाबा म्हणतात, १९ इंची जुना मॉनिटर माळ्यावर पडला आहे, तोच पुसून लाव. पंधरा दिवस बापलेकांत बोलणे नाही. धाकटी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला कोणी काही विचारलेलेच नाही. ताई विचारतात, "नुसत्या पडद्यावर एवढा पैसा घालावा का? की ह्यांचेच बरोबर?"

ताई, सप्रेम जयभीम. पत्र मोकळेपणाने लिहिलेत, बरे वाटले. असा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी लिहितो. तुमच्या घरातले दोघेही थोडे बरोबर आहेत आणि थोडे चुकताहेत.

आधी बाबांचे पाहू. जुना मॉनिटर वापरावा हा विचार काटकसरीचा आहे, त्याला नावे ठेवणार नाही. पण जुन्या मॉनिटरला बहुधा निळ्या टोकाची व्हीजीए केबल असते, आणि आजच्या ग्राफिक्स कार्डांना ती खाचच नसते. मध्ये कन्व्हर्टर लावून काम भागेल, पण तो पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवणार आणि ठिपकेही कमी. कार्डासाठी मोजलेले पैसे मग दिसणार कुठे?

आता मुलाचे. संगणकातले ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारे गुरुजी आणि मॉनिटर म्हणजे फळा, असे समजा. फळा केवढा घ्यायचा हे गुरुजींच्या हाताच्या वेगावर ठरते. साध्या फुल-एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. मधल्या २५६० बाय १४४० च्या पडद्यावर ते ३६ लाख ८६ हजार ४०० होतात. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे फुल-एचडीच्या बरोबर चौपट. कार्ड तेच, हात तोच, आणि फळा चौपट. मग गेम अडखळत चालतो. तुमच्या कोटेशनवर जे आरटीएक्स ४०६० कार्ड लिहिले आहे ते फुल-एचडीवर उत्तम चालते. १४४० वर काही खेळांत चित्राची बारकाई थोडी कमी करावी लागेल. फोर-के वर नवे, जड खेळ त्याच्याकडून मागणे म्हणजे एका बैलावर चार गाड्या जुंपणे. तेव्हा मॉनिटर निवडताना पहिला प्रश्न हाच, की कार्ड कोणते आहे?

दुसरी गोष्ट पडद्याच्या वेगाची. खोक्यावर ६०, १४४, १६५, १८० अशा आकड्यांपुढे हर्ट्झ लिहिलेले असते. सेकंदाला तितक्या वेळा फळा नव्याने भरतो, एवढाच त्याचा अर्थ. ६० हर्ट्झला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद थांबते, १४४ ला सुमारे ६.९. हा दहा मिलिसेकंदांचा फरक धावपळीच्या खेळात डोळ्यांना आणि हातालाही कळतो. पुढे १४४ वरून २४० वर गेलात तर वाचतात जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद. पैसे मात्र चढत जातात. घरच्या खेळाडूला १४४ ते १८० पुष्कळ झाले. सोबत 'अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक' आहे का ते पाहावे. फ्रीसिंक, जी-सिंक अशी त्याची नावे आहेत. कार्डाचा वेग कमीजास्त झाला की पडदा आपला वेग त्याच्याशी जुळवून घेतो आणि चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही.

इथे माझ्या भाच्याची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याने हट्टाने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. साठवाल्यापेक्षा बरेच जादा पैसे माझ्या बहिणीने मोजले. दुकानदाराने केबल जोडून दिली, चित्र आले, सगळे खूश. अकरा महिन्यांनी त्याची धाकटी बहीण कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अक्षरे मोठी करायला सेटिंग्जमध्ये गेली आणि म्हणाली, "दादा, इथे साठ का लिहिलंय रे?" अकरा महिने तो मॉनिटर साठवरच चालला होता! एक तर विंडोजमध्ये वेग कोणी बदललाच नव्हता. त्यात त्या मॉनिटरच्या एचडीएमआय खाचेतून पूर्ण वेग मिळतच नव्हता, त्यासाठी डिस्प्लेपोर्ट केबल लागत होती. पुस्तिकेत तसे बारीक अक्षरांत छापलेले होते. पोराने ती उघडली नव्हती, आणि मी मोठा जाणता मामा, मीही नाही.

म्हणून ताई, मॉनिटर घरी आला की तीन गोष्टी तुम्ही स्वतः उभ्या राहून करून घ्या. केबल मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाच्याच खाचेत आहे ना ते पाहा. मदरबोर्डच्या खाचेत लावली तर महागडे कार्ड बाजूला राहते आणि साधेच चित्र येते. मग सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असे जाऊन रिफ्रेश रेट पूर्ण निवडायला सांगा. आणि पुस्तिकेत पूर्ण वेगासाठी कोणती केबल लिहिली आहे ते वाचून घ्या. यात इंजिनिअरिंग काही नाही. भाजी घेताना आपण वजनाचा काटा बघतो, तसेच हे.

आता पडद्याच्या जातीकडे वळू. टीएन जातीचा पडदा स्वस्त आणि चपळ, पण बाजूने पाहिले की रंग पालटतात. व्हीए मध्ये काळा रंग गडद दिसतो. अंधाऱ्या प्रसंगाला तो छान, पण काही मॉनिटरांत हलत्या काळ्या आकृतीमागे सावली ओढल्यासारखी दिसते. आयपीएस मध्ये रंग नीट आणि बाजूने बसलेल्यालाही चित्र तेच. त्यातला काळा रंग मात्र अंधाऱ्या खोलीत किंचित राखाडी वाटतो. ओएलईडी सर्वांत देखणा, पण महाग. शिवाय एकच चित्र तासन्‌तास ठेवले तर कालांतराने त्याचा डाग उमटण्याची भीती असते. जिथे एक जण खेळतो आणि दुसरी शेजारी बसून अभ्यासाचे व्हिडिओ पाहते, तिथे आयपीएस बरा. खोक्यावर '१ एमएस' मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्यावर फार जाऊ नका. प्रत्येक कंपनीची ते मोजण्याची तऱ्हा निराळी.

आकाराबद्दलही लिहितो. फुल-एचडीचे तेवढेच ठिपके २४ इंचांवर पसरले तर इंचाला सुमारे ९२ पडतात, २७ इंचांवर सुमारे ८२. मग अक्षरांच्या कडा खरखरीत दिसू लागतात. खेळताना ते जाणवत नाही, पण जी मुलगी तीन तास फिजिक्सच्या नोट्स वाचणार, तिला जाणवते. म्हणून फुल-एचडी घ्यायचा तर २४ इंच, आणि २७ इंच घ्यायचा तर १४४०, असा सरळ हिशेब ठेवा. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही १८ टक्के झाला आहे. कर उतरला म्हणून आपले टेबल काही रुंद होत नाही.

आणखी एक साधी वस्तू लोक विसरतात, ती म्हणजे मॉनिटरचा पाय. स्वस्त मॉनिटरचा पाय नुसता पुढेमागे कलतो, वरखाली होत नाही. माझ्या बहिणीकडे त्या मॉनिटरखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवावा लागला. दादा उंच, बहीण बुटकी, त्यामुळे गठ्ठा रोज काढा-घाला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि पडदा हातभर लांब असावा. उंची बदलणारा पाय मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. नाही तर मागे व्हीईएसएची चार भोके आहेत का ते पाहा, म्हणजे पुढे वेगळा स्टँड लावता येतो. आणि पडदा कितीही चांगला असला तरी दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फूट लांब पाहण्याची सवय दोन्ही मुलांना लावा.

रत्नागिरीत मॉनिटर घेणाऱ्याला पावसाचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जांभ्याच्या भिंतींना ओल सुटते, आणि मांडवी, भाट्येकडच्या घरांत खारा वारा येतो. मॉनिटर भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू करा. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नको, बाजूला असावी. विजा कडाडू लागल्या की विजेचा प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढा. वीज जाते-येते, म्हणून यूपीएस घ्याच, पण त्याच्यावरचा आकडा नीट वाचा. ६०० व्हीएचा यूपीएस सहसा ३६० वॉटच पेलतो. मॉनिटरला जेमतेम वीस-तीस वॉट लागतात, गेमिंगच्या डब्याला मात्र कितीतरी जास्त. दोन्ही मिळून हिशेब करा.

काका मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मॉनिटर आणणार असे लिहिले आहे. जरूर आणावा, तिथे निवड भरपूर. पण त्यांना सांगा की दुकानातच चालू करून बघा. पूर्ण पांढरे, पूर्ण काळे, लाल, हिरवे, निळे असे पडदे लावून मेलेला ठिपका दिसतो का ते पाहा. किती मेलेले ठिपके असले तर कंपनी बदलून देते, आणि सर्व्हिस सेंटर रत्नागिरीत आहे की कोल्हापूर-मुंबईला पाठवावा लागतो, हेही विचारा. चार-पाचशे रुपये वाचवून पुढे दुरुस्तीसाठी घाट चढायचा असेल, तर गावातल्या दुकानातलाच बरा. पक्के बिल घ्या. मूळ खोके आणि थर्माकोल टाकू नका. गाडीत मॉनिटर उभा ठेवा, आडवा टाकून त्यावर पिशव्या रचू नका.

बाबांचा राग बहुधा गेमवरच असावा, मॉनिटर हे निमित्त. त्यांना एवढेच सांगा की २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रथमच पदकांसाठी खेळले गेले. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळे मानले. खेळ आणि जुगार यांत फरक आहे. मुलाने मात्र वेळेचे बंधन पाळले पाहिजे. ते मॉनिटर पाळणार नाही.

तेव्हा माझे मत असे. २४ इंची, फुल-एचडी, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा वरचा, उंची बदलणारा मॉनिटर घ्या. फोर-के च्या तुलनेत जे पैसे उरतील त्यातून यूपीएस आणि एक धड खुर्ची घ्या. मुलाला १४४० ची फारच हौस असेल तर २७ इंचीचा हिशेब त्याने स्वतः कागदावर मांडून बाबांना समजावून द्यावा. त्या निमित्ताने बोलणे तरी सुरू होईल.

आणि ताई, शेवटची गोष्ट. पैसे घालणार तुम्ही, तर संगणक कुठे ठेवायचा हेही तुम्हीच ठरवा. तो मुलाच्या खाटेशेजारी न ठेवता बाहेरच्या खोलीत ठेवा. कार्ड दोन-चार वर्षांत बदलते, पण चांगला मॉनिटर त्यानंतरही चालतो. मुलगा उद्या नोकरीला पुण्या-मुंबईला जाईल, तेव्हा त्यापुढे तुमची मुलगी बसलेली असेल. तेव्हा खरेदीआधी एक संध्याकाळ तिलाही जवळ बसवा आणि विचारा, "तुला कसा हवा?" ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.