जळालेली मोटर आणि उघडी भट्टी



गेल्या वैशाखात तापीकाठची आमची १० हॉर्सपॉवरची मोटर जळाली. वाइंडिंग करून आणली, टाँगटेस्टर लावून पाहिला, करंट बरोबर. सव्वा महिन्यात पुन्हा जळाली. दोन एकर लावण पाण्यावाचून पिवळी पडली. लोक म्हणाले, लाईटीचा दोष. तिसऱ्या खेपेस आम्ही हट्टाने मोकळ्या कोअरला केबलचे वेढे देऊन करंट सोडायला लावला. अर्ध्या तासात एका बाजूला हात ठेववेना. आमचे स्पष्ट मत असे की, ती मोटर नवी तार भरण्याआधीच भट्टीत मेली होती.

जुनी तार सहज निघावी म्हणून स्टेटर उघड्या जाळात टाकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. स्टेटर म्हणजे काही भरीव लोखंड नव्हे. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांची ती थप्पी असते आणि प्रत्येक पत्र्यावर वीज अडवणारा पातळ थर असतो. चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, त्यात लोखंड तापते. याचे गणित स्टाइनमेट्झ यांनी अमेरिकेत १८९२ सालीच मांडले. शिवाय पत्र्यांत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात. दोन्ही मिळून कोअर लॉस. थर जळाला की पत्रे एकमेकांना भिडतात, भोवरे मोठे होतात, आणि नवी तार त्या तापल्या लोखंडात बसते. तार १० अंश जादा तापली, तर इन्सुलेशनचे आयुष्य सुमारे निम्म्यावर येते.

मग टाँगटेस्टरला हे का दिसले नाही? लोखंडाचे चुंबक करणारा करंट आणि लोखंडात वाया जाणारा करंट एकमेकांशी काटकोनात असतात, सरळ बेरीज होत नाही. समजा मोकळी मोटर साडेपाच अँपिअर घेते आणि कोअर लॉस २०० वॉट आहे. तो ४०० झाला तरी अँपिअर वाढणार दोन-तीन शतांश. काटा बिचारा काय सांगणार! तिथे वॉटमीटरच पाहिजे. मोकळी मोटर चालवून वॉट मोजावे, तारेतला तोटा वजा करावा, व्होल्टेज उतरवत पुन्हा मोजावे. मग बेअरिंग-पंख्याचे वेगळे आणि लोखंडाचे वेगळे निघते.

कारखान्यातल्या व्ही.एफ.डी.वरच्या मोटरांनाही हेच लागू. ड्राइव्हच्या हिशेबात कोअर लॉस बहुधा धरलेलाच नसतो, त्यामुळे कमी लोडवर टॉर्कचा अंदाज चुकतो. तो धरला तर हलक्या लोडला चुंबकत्व कमी करून वीज वाचवता येते, आणि आकडा वर्षागणिक चढू लागला की पत्रे बिघडल्याची वर्दी आधीच मिळते.

काही सभासद म्हणतील, साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत २०२४ पासून वीजबिल माफ आहे, वॉट मोजून करायचे काय? बिल माफ झाले, उष्णता माफ झालेली नाही. वाइंडिंगचे पैसे आणि वाळलेला ऊस आपल्याच खात्यावर पडतो.

वाइंडिंग वाईट असते असे आम्ही म्हणत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या मोटर दुरुस्ती संघटनांनी २००३ साली तपासून दाखवले की, नीट केलेल्या वाइंडिंगने मोटरची कार्यक्षमता टिकते. भट्टीची उष्णता ३६०-३७० अंशांच्या आत राखली पाहिजे, एवढेच.

संचालक मंडळाने बंद हंगामात आपल्या वर्कशॉपमध्ये वॉटमीटर व कोअर तपासणीची सोय सभासदांच्या मोटरांसाठी नाममात्र आकारात करावी. प्रत्येक मोटरचे कार्ड ठेवावे, वाइंडिंगआधीचे आणि नंतरचे वॉट त्यावर लिहावे. गावोगावच्या वाइंडिंगवाल्यांनाही बोलवावे. ती आपलीच पोरं आहेत, भट्टीला थर्मामीटर लावायला त्यांची ना नसावी. हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे घ्यावा. आमची जळकी मोटर दाखवायला आम्ही घेऊन येऊ.