एकेक पायरी, आपापल्या पावलांनी

बंगळूरच्या बसवनगुडी भागात आमच्या परिचयाचे एक मराठी कुटुंब राहते. घरातील मुलगी दुसरीत होती. वडील रोज सायंकाळी तिला जवळ बसवून संख्या लिहावयास सांगत. ‘सत्तावीस’ म्हटले की ती बहुधा ७२ लिही. ‘एवढेसुद्धा येत नाही?’ हा प्रश्न तिने इतक्या वेळा ऐकला की पुढे पुढे गणिताची वही उघडताच तिचे पोट दुखू लागले.

उलगडा झाला तो आजीमुळे. एके दिवशी गांधी बाजारात फुलवालीने ‘इप्पत्तेळु’ रुपये मागितले. नातीने बिनचूक दहाच्या दोन नोटा व रुपयाची सात नाणी काढून दिली. घरी येऊन आजीने तीच संख्या लिहावयास सांगितली, तेव्हा वहीवर २७ उमटले! कन्नडमध्ये ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस आणि ‘एळु’ म्हणजे सात. अर्थात जो अंक आधी उच्चारावयाचा, तोच आधी लिहावयाचा. मराठीत मात्र ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो. एकोणतीस तर त्याहून अवघड; तेथे तिसातून एक उणा करावा लागतो. मुलीची बुद्धी मंद नव्हती. ती कानांनी ऐकले तसे लिहीत होती, एवढेच.

ही अडचण एका घरापुरती नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात परंपरागत नावांच्या जोडीला ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. त्या वेळी गणित समितीच्या अध्यक्षस्थानी डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरयुक्त संख्यानामे लहान मुलांना जड जातात व त्यांच्या मनात गणिताविषयी भीती निर्माण करतात, ही त्यामागील भूमिका होती. भाषेच्या दृष्टीने कोणाचे मत काहीही असो. मूल नेमके कोठे अडते ते पाहावे, हा त्यातील बोध प्रत्येक पालकाने घेण्यासारखा आहे.

कर्नाटकातील ‘नली-कली’ ही शिक्षणपद्धती ह्याच विचारावर उभी आहे. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ साली तिचा आरंभ झाला आणि पुढे ती राज्यातील सरकारी कन्नड शाळांच्या प्राथमिक वर्गांत पसरली. ‘नलिदु कलि’, म्हणजे आनंदाने शीक, असा तिचा अर्थ. ह्या पद्धतीत अभ्यासक्रमाची लहान लहान पायऱ्यांची एक शिडी असते. प्रत्येक मूल आपल्या पायरीवरील पत्ते व कृती पुरी करून मगच पुढे जाते. आजारपणामुळे वा सुगीच्या कामामुळे शाळा चुकलेले मूल परत आले, की ते जेथे थांबले होते तेथूनच पुन्हा सुरुवात करते. कोणी पुढे गेले म्हणून मागच्याची फरफट होत नाही.

गणितात हे विशेष अगत्याचे, कारण येथे प्रत्येक पायरी खालच्या पायरीवर टेकलेली असते. दशक-एकक समजले नाही तर हातच्याची बेरीज केवळ पाठांतर ठरते. बेरीज डळमळीत असेल तर गुणाकारही डळमळतो. चौथीतील मूल भागाकारात चुकते तेव्हा त्याचे मूळ दुसरीतील वजाबाकीत सापडणे मुळीच नवलाचे नाही. अशा वेळी दोन पायऱ्या खाली उतरण्यात कमीपणा नाही. उलट वर जाण्याचा तोच जवळचा मार्ग होय.

पालकांनी घरी काय करावे? प्रथम, चुकीच्या उत्तरावर ‘हे तू कसे काढलेस?’ असे शांतपणे विचारावे; मुलाच्या सांगण्यातच अडचणीचा पत्ता लागतो. दुसरे, वस्तूंपासून आरंभ करावा. चिंचोके, काड्यांचे दहा-दहांचे जुडगे, नोटा व नाणी ह्यांनी संख्या हाती घेता येते. मग तिचे चित्र काढावे व शेवटी अंक लिहावा. तिसरे, रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मूल कंटाळण्याआधी थांबावे. आणि चौथे, भावंडांशी वा शेजारच्या मुलांशी तुलना कटाक्षाने टाळावी. तुलना करावयाचीच, तर मुलाच्या कालच्या वहीशी आजच्या वहीची करावी.

बसवनगुडीच्या त्या घरात आता वडिलांनी नोटा-नाण्यांचा एक डबाच केला आहे. सत्तावीस आठवड्यात जमले; एकोणतिसाला पुरता महिना लागला. पण त्या महिन्यात मुलीचे पोट एकदाही दुखले नाही, आणि एके रात्री तिने आपण होऊन विचारले, ‘बाबा, एकोणचाळीसमध्येसुद्धा एकच कमी असतो ना?’