टनाचा हिशेब दुकानात नको

उन्हाळ्याची चाहूल लागली की मध्यमवर्गीय घरांत एक चर्चा हटकून सुरू होते. यंदा वातानुकूलन यंत्र घ्यावयाचे की नाही, जुने असल्यास ते बदलावयाचे की आणखी एक वर्ष रेटावयाचे, आणि घ्यावयाचेच तर एक टनाचे की दीड टनाचे? पहिल्या दोन प्रश्नांवर घरात पुष्कळ खल होतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा दुकानात मिळते. खोली केवढी, असे विक्रेता विचारतो. बारा बाय बारा, असे उत्तर येताच ‘दीड टनाचे घ्या, पुढे तक्रार नको’ असा सल्ला तो देतो. तीस-चाळीस हजार रुपयांचा आणि पुढील दहा वर्षांच्या वीजबिलाचा निर्णय अर्ध्या मिनिटात होऊन जातो. ज्याला मोठे यंत्र विकण्यात लाभ आहे, त्यानेच गिऱ्हाइकाची गरज किती ते ठरवावे, ही व्यवस्था अर्थशास्त्राच्या कोणत्याही कसोटीवर टिकणारी नाही.

टन हे या व्यवहारातील मूळ माप. परंतु ते काय मोजते, हे फारच थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. यंत्राच्या वजनाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतील एक टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. किलोवॉटच्या भाषेत ती साधारण साडेतीन भरते. तेव्हा किती टनांचे यंत्र हवे, याचा अर्थ खोलीत किती उष्णता शिरते, एवढाच होय. आणि ती केवळ खोलीच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते.

एकाच इमारतीतील दीडशे चौरस फुटांच्या दोन खोल्या घ्या. एक मधल्या मजल्यावर, उत्तरेकडे खिडकी असलेली; दुसरी शेवटच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत उन्हात भाजून निघणारी. वैशाखातील दुपारी उघड्या काँक्रीटच्या गच्चीचा पृष्ठभाग खालच्या खोलीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी अधिक तापलेला असतो. एवढ्या क्षेत्रफळाच्या स्लॅबमधून त्या वेळी सुमारे एक किलोवॉट उष्णता खाली उतरते, असे ढोबळ गणिताने दिसते; म्हणजे टनाच्या पाव हिश्शाहून अधिक बोजा एकट्या छपराचा. माणसे, दिवे, फ्रीज, पश्चिमेचे पडदा नसलेले तावदान आणि दाराखिडक्यांच्या फटी यांचा वाटा निराळा. दुकानातील ‘सव्वाशे फुटांना एक टन’ या ठोकताळ्यात या दोन खोल्या सारख्याच ठरतात. प्रत्यक्षात पहिलीला एक टन पुरून उरेल आणि दुसरीला दीडही अपुरा वाटेल. तथापि दुसऱ्या खोलीच्या मालकाने आधी गच्चीला पांढरा परावर्तक रंग लावला आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा किंवा चिकाचा पडदा बसविला, तर गणितच पालटते. उष्णता आत येऊ द्यावयाची आणि मग वीज जाळून ती बाहेर फेकावयाची, हा द्राविडी प्राणायाम आहे.

मोठे यंत्र घेतल्याने बिघडले काय, असा प्रश्न यावर विचारला जाईल. पैसे अधिक जातात, हे उघडच आहे. पण गारवाही धड मिळत नाही. विलिस कॅरिअर या अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आपली वातानुकूलन योजना आखली, ती माणसांच्या सुखासाठी नव्हे, तर दमट हवेने कागद फुगून रंगांची जुळणी बिघडत होती म्हणून. हवेतील ओलावा काढणे हे या यंत्राचे जन्मजात काम आहे. प्रमाणाबाहेर मोठे यंत्र खोली झटपट थंड करून बंद पडते, पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. ओलावा काढण्यास लागणारा सलग वेळ त्याला मिळतच नाही. मुंबई-कोकणात यामुळे खोली गार पण चिकट राहते आणि माणसे तापमान आणखी खाली उतरवीत जातात. इन्व्हर्टर यंत्रे आपला वेग कमी करू शकतात, त्यामुळे हा दोष सौम्य होतो. नाहीसा होत नाही, कारण त्यांनाही किमान वेगाची मर्यादा असते.

याची दुसरी बाजूही सांगावयास हवी. यंत्रावरील क्षमतेचा आकडा बाहेरचे तापमान ३५ अंश धरून काढलेला असतो. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तेच यंत्र छापील क्षमतेपेक्षा कमी काम करते. म्हणून मुंबईचा ठोकताळा विदर्भाला लावणे, हीदेखील चूकच. किंबहुना विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर हे स्वस्त व शहाणपणाचे उत्तर आहे. तो दोनशे वॉटच्या आसपास विजेत जे काम करतो, ते दमट किनाऱ्यावर त्याला मुळीच साधत नाही. कोणते यंत्र आणि केवढे, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या त्या ठिकाणच्या हवेत शोधावी लागतात.

आता ताऱ्यांविषयी. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २००६ मध्ये तारांकनाची पद्धत आणली, २०१० पासून ती खोलीच्या वातानुकूलन यंत्रांना सक्तीची झाली, आणि २०१८ पासून सर्व यंत्रे हंगामी कार्यक्षमतेच्या एकाच मापाने मोजली जाऊ लागली. एक युनिट विजेच्या मोबदल्यात यंत्र हंगामात सरासरी किती युनिट उष्णता बाहेर टाकते, ते हा आकडा सांगतो. परंतु लेबलावरचा वार्षिक वीजवापर १,६०० तासांच्या हिशेबाने छापलेला असतो, याकडे ग्राहकाचे लक्ष जात नाही. एक उदाहरण धरू. १,६०० तासांत ४,००० युनिट उष्णता बाहेर काढावयाची आहे. ३.५ कार्यक्षमतेच्या यंत्राला सुमारे १,१४३ युनिट वीज लागेल, ५ कार्यक्षमतेच्या यंत्राला ८०० युनिट. दर युनिटला १० रुपये धरला, तर वर्षाला सुमारे ३,४०० रुपये वाचतात. दुसऱ्या यंत्राची किंमत १०,००० रुपयांनी अधिक असली तरी ती तीन वर्षांत वसूल होते. परंतु ज्या घरात यंत्र केवळ ४०० तास चालते, तेथे बचत साडेआठशेवर येते आणि वसुलीस बारा वर्षे लागतात. यंत्राचे आयुष्य कदाचित त्याआधीच संपेल. सारांश, सर्वाधिक तारे सर्वांनाच लाभदायक ठरतात असे नाही; तासांचा हिशेब आधी मांडावयास हवा. त्यात वीजदर धरताना सरासरी दर धरून चालत नाही. आपल्याकडे दर टप्प्याटप्प्याने चढतात आणि यंत्राची वीज घरच्या नेहमीच्या वापरावर येऊन पडते, म्हणून ती वरच्या, महाग टप्प्याच्या दराने मोजली पाहिजे.

जुने यंत्र बदलतानाही हीच तऱ्हा दिसते. पूर्वी दीड टनाचे होते म्हणून आताही दीड टनाचेच आणावयाचे, हा शिरस्ता. मधल्या काळात वर नवा मजला चढलेला असतो, शेजारच्या इमारतीची सावली पडू लागलेली असते, तापणारे दिवे जाऊन एलईडी आलेले असतात; खोलीचा बोजा बदललेला असतो, पण यंत्राचा आकडा बदलत नाही. शिवाय काढलेले यंत्र मोडीत निघतेच असे नाही. ते जुन्या बाजारातून एखाद्या कमी मिळकतीच्या घरात जाते आणि तेथे पूर्वीइतकीच वीज खात राहते. त्यातला वायू हवेत सोडून दिला जातो, ती हानी वेगळी. जुन्या यंत्रांतील आर-२२ हा वायू तापमानवाढीच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट प्रभावी आहे. आता प्रचारात आलेला आर-३२ हादेखील पावणेसातशे पट आहे. म्हणून जुने यंत्र परत घेऊन नवे सवलतीत देण्याच्या योजना, जशा दिल्लीत वीज वितरण कंपन्यांनी राबविल्या, त्यांचे खरे मोल जुने यंत्र वायू काढून घेऊन शास्त्रशुद्ध रीतीने मोडले जाते की नाही यावर ठरेल.

सर्वांत अवघड गाठ मात्र तांत्रिक नाही, ती मालकीची आहे. गच्ची गृहनिर्माण संस्थेची, तापणारी खोली वरच्या मजल्यावरील सभासदाची. गच्ची पांढरी करण्याचा विषय वार्षिक सभेत निघाला की चार घरांच्या सोयीसाठी सर्वांनी वर्गणी का द्यावी, असा आक्षेप येतो आणि विषय पुढील सभेवर ढकलला जातो. मग वरचा सभासद दोन टनांचे यंत्र बसवितो आणि त्याच्या यंत्राची गरम हवा खालच्या घरांच्या खिडक्यांशी घोटाळते. भाड्याच्या घरात तर यंत्र मालक निवडतो आणि बिल भाडेकरू भरतो. स्वस्त व खादाड यंत्र बसविण्यात मालकाचे काहीच नुकसान नसते. व्यक्तिशः शहाणे वाटणारे निर्णय एकत्र येऊन सर्वांचा तोटा कसा करतात, याचे याहून घरगुती उदाहरण सापडणे कठीण.

भारतासारख्या देशात अवघी जेमतेम आठ टक्के कुटुंबे वातानुकूलन यंत्र बाळगतात, असे २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यात म्हटले होते. इतक्या अल्पसंख्य लोकांना काटकसरीचा उपदेश कशाला, असे कोणी म्हणेल. पण हाच आकडा वेगाने वाढणार आहे, आणि त्या वाढीचा पाया आज घातला जात आहे. उकाड्यापासून सुटका ही आता चैन राहिलेली नाही. म्हाताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या बाबतीत तो जिवाचा प्रश्न आहे. म्हणूनच ती सर्वांना परवडेल अशी असावयास हवी. याच आराखड्याने २०३७-३८ पर्यंत शीतकरणाची गरजच २० ते २५ टक्क्यांनी घटविण्याचे उद्दिष्ट ठेवले. भिंती-छपरांतून येणारी उष्णता रोखण्यासाठी निवासी इमारतींची संहिताही २०१८ मध्ये तयार झाली. परंतु ती बांधकाम परवान्याच्या अटींत उतरल्याखेरीज तिचा उपयोग नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वातानुकूलन यंत्रांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो सर्वच यंत्रांना सरसकट लागू झाला. कार्यक्षम आणि खादाड यांत फरक करण्याची संधी मात्र हुकली.

पुढील पावले खर्चिक नाहीत. यंत्र विकताना खोलीची दिशा, मजला, खिडक्या आणि माणसे यांचा हिशेब मांडलेला लेखी तक्ता देणे विक्रेत्यास बंधनकारक करावे. हा हिशेब ग्राहकास त्रयस्थाकडून पडताळता यावा, यासाठी तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांची मदत अल्प शुल्कात उपलब्ध व्हावी. गच्ची परावर्तक करण्याचे काम गृहनिर्माण संस्थांनी इमारत दुरुस्तीचाच भाग मानावे, आणि पालिकांनी त्यासाठी मालमत्ता करात थोडी सूट द्यावी. घरात गहू किती भरावयाचे, हे खाणारी तोंडे मोजून ठरते. वाण्याच्या आग्रहावरून नव्हे. गारव्याच्या बाबतीतही हाच साधा नियम लागू करण्यास हरकत कसली?