वहीत न लिहिलेला आकडा

विंडोजच्या ‘रजिस्ट्री’ नामक कोठारातील कित्येक सेटिंगांचा पुस्तिकेत उल्लेखच नसतो. त्यांचा माग २००६ पासून ‘प्रोसेस मॉनिटर’ या साधनाने काढता येतो. प्रणाली कोठाराकडे कोणकोणती नावे मागते, हे ते टिपते; मागितलेले नाव तेथे नसले, तरीही! मागणी झाली, त्याअर्थी त्या नावाला बहुधा काही काम असावे. परंतु नाव कळले म्हणजे परिणाम कळला, असे नव्हे. कोणीतरी सांगितलेला आकडा डोळे मिटून भरणे मला मुळीच मान्य नाही. एका वेळी एकच बदल करावा, आणि जुना आकडा आधी वहीत उतरवावा. हे मी वर्गात नित्य बजावतो. गतवर्षी मात्र शाळेच्या संगणकावर तो न लिहिताच बदल केला. परीक्षेच्या आदल्या दिवशी यंत्र सुरूच होईना, आणि प्रश्नपत्रिका आतच!