माहितीची मर्यादा कोणी ठरवावी?

संगणकासाठी ॲप तयार करणे ही आता तज्ज्ञांची मिरासदारी राहिलेली नाही. कचेरीतील एखादा होतकरू कारकून पडद्यावर चौकटी मांडतो, त्या माहितीच्या साठ्याशी जोडतो आणि थोड्याच दिवसांत रजेच्या अर्जांचे किंवा हप्त्यांच्या वसुलीचे ॲप कामाला लावतो. 'लो-कोड' या नावाने ही पद्धती आज जगभर रूढ झाली आहे. झोहो या भारतीय कंपनीचे 'क्रिएटर' २००६ मध्ये आले, मायक्रोसॉफ्टचे 'पॉवर ॲप्स' २०१६ मध्ये. गूगलने २०२० मध्ये 'ॲपशीट' ही कंपनीच विकत घेतली. लहान संस्थांना जे पूर्वी परवडत नव्हते ते यामुळे आवाक्यात आले, हे निःसंशय. परंतु या सोयीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याकडे व्यवस्थापकांचे, लेखापरीक्षकांचे व नागरिकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मूळ साठ्यातून ॲपपर्यंत किती माहिती आणावयाची आणि ती मर्यादा कोणी घालावयाची, हा तो प्रश्न होय.

ॲप आणि माहितीचा साठा यांच्यामधील दुव्याला 'कनेक्टर' म्हणतात. साठ्यात लक्षावधी नोंदी असतील. त्या सर्व कारकुनाच्या हातातील मोबाईलवर ओतणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. म्हणून यंत्रणा दोन मार्ग अवलंबिते. पहिला मार्ग काम मूळ साठ्याकडेच सोपविण्याचा: 'अमुक तालुक्यातील अर्ज द्या' अशी विचारणा धाडावयाची, निवड तेथेच व्हावयाची आणि उत्तर तेवढे टप्प्याटप्प्याने परत यावयाचे. परंतु प्रत्येक साठ्याला प्रत्येक प्रकारचे काम सोपविता येत नाही. अशा वेळी दुसरा मार्ग पत्करला जातो. साठ्यातून ठराविक संख्येच्या पहिल्या नोंदी ॲपकडे आणावयाच्या आणि उरलेले गणित तेवढ्यांवरच करावयाचे. पॉवर ॲप्समध्ये ही संख्या मुळात ५०० असून ती फार तर २,००० पर्यंत वाढविता येते.

याचा अर्थ काय होतो, ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका पतसंस्थेत महिन्याकाठी ३,२०० हप्ते जमा होतात आणि प्रत्येक हप्ता एक हजार रुपयांचा आहे असे धरू. खरी वसुली ३२ लाख. पण नोंदी 'शेअरपॉइंट'सारख्या यादीत असतील तर बेरीज करण्याचे काम त्या यादीकडे सोपविता येत नाही. ॲप पहिल्या ५०० नोंदी आणते आणि पडद्यावर ५ लाखांचा आकडा दाखविते. मर्यादा शिगेला नेली तरी तो आकडा २० लाखांवर अडतो. तो अपुरा आहे अशी खूण त्याच्याजवळ नसते. ॲप तयार करणाऱ्याला रचनेच्या वेळी पिवळ्या त्रिकोणाची सूचना दिसते. ती त्याने दुर्लक्षिली की पुढे ॲप वापरणाऱ्या लिपिकाला, व्यवस्थापकाला किंवा संचालकाला काहीच कळत नाही. काम सोपविण्याची सोय ज्या साठ्यात मुळातच नाही, तेथे तर ही सूचनाही येत नाही.

५ लाख आणि ३२ लाख यांतील तफावत कोणाच्याही डोळ्यांत भरेल, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. पण धोका त्या टोकाला नाही. ॲप तयार होते तेव्हा नोंदी दोन-तीनशे असतात आणि सारे हिशेब बिनचूक येतात. त्या बिनचूकपणावर संस्थेचा विश्वास बसतो आणि हाताने केलेली पडताळणी बंद पडते. संस्था वाढते, नोंदी २,०२० होतात आणि बेरीज वीस नोंदींनी कमी भरते. शेकडा एकाची तफावत कोणाच्या लक्षात येणार? दोष यंत्र बिघडल्याने उद्‌भवत नाही, तर संस्थेची भरभराट झाल्याने उद्‌भवतो, ही यातील विपरीत गोष्ट आहे. शिवाय पहिल्या पाचशे नोंदी म्हणजे काही संख्याशास्त्रातील नमुना नव्हे. नमुन्यात प्रत्येक नोंदीला निवडले जाण्याची ज्ञात संधी असते. येथे बहुधा आधी आलेल्यांचीच गणना होते, नंतर आलेले वगळले जातात. नवा सभासद, नवा अर्जदार, उशिरा नोंद झालेला विद्यार्थी हाच कड्यावरून खाली पडतो.

हे केवळ तर्काचे प्रतिपादन नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या साथीत याच जातीची चूक घडली, जरी तेथे साधन लो-कोडचे नसून जुन्या धाटणीची एक्सेल फाईल होते. प्रयोगशाळांचे निष्कर्ष एकत्र करणाऱ्या त्या फाईलच्या प्रकाराला ६५,५३६ ओळींची कमाल मर्यादा होती. तिच्यापलीकडील नोंदी सांडल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची गणना दैनंदिन आकड्यांतून निसटली. बाधितांना त्यांचा निष्कर्ष कळला होता. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध मात्र लांबला. आकड्यातील उणीव कागदावर राहत नाही, ती कोणाच्या तरी घरापर्यंत पोचते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

मग मर्यादाच नको, सर्व माहिती सर्वत्र खुली वाहू द्यावी, असा निष्कर्ष काढावा काय? तसे केल्यास आगीतून उठून फुफाट्यात पडल्यासारखे होईल. याची साक्षही अलीकडचीच आहे. सुरक्षेचे संशोधन करणाऱ्या अपगार्ड या कंपनीने ऑगस्ट २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. पॉवर ॲप्सच्याच साहाय्याने उभारलेल्या संकेतस्थळांवरून ४७ संस्थांच्या मिळून ३ कोटी ८० लाख नोंदी कोणालाही पाहता येतील अशा स्थितीत होत्या. अमेरिकेतील राज्यांची आरोग्य खाती आणि नामांकित कंपन्या त्यांत होत्या. लसीकरणाच्या भेटीच्या वेळा, संपर्क-शोधाची माहिती, नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक हे सारे त्यांत होते. कोणतेही कुलूप फोडावे लागत नव्हते. कोणत्या तक्त्यातील कोणती नोंद कोणाला द्यावयाची हे बंधन मूळ रचनेत आपोआप लागू नव्हते; ते आठवणीने घालावे लागे, आणि अनेकांनी ते घातले नव्हते. पुढे मायक्रोसॉफ्टने नव्या संकेतस्थळांसाठी हे बंधन आरंभापासूनच लागू केले.

ही दोन उदाहरणे परस्परविरुद्ध वाटतात. वस्तुतः त्यांचे मूळ एकच आहे. एकीकडे मर्यादा यंत्राने आपल्या सोयीने घातली आणि ती कोणाला सांगितली नाही. दुसरीकडे जी मर्यादा मालकाने विचारपूर्वक घालावयाची ती कोणीच घातली नाही. दोन्हीकडे निर्णय जबाबदार माणसाच्या हातून सुटला आणि गृहीत मूल्याच्या हाती गेला.

मर्यादा घालण्याच्या रीतीतही अंतर असते. मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंटमध्ये ५,००० नोंदींचा एक उंबरठा आहे. एकाच विचारणेने त्याहून अधिक नोंदी चाळण्याचा प्रयत्न केला तर ती नाकारली जाते आणि तसा संदेश येतो. वापरणाऱ्याची त्यामुळे चिडचिड होते, पण फसवणूक होत नाही. पाचशेची मर्यादा उलट मुकाट्याने काम करते. लेखापालाने 'हिशेब पूर्ण झाला नाही' असे सांगणे आणि अर्ध्या वहीची बेरीज मारून खाली सही करणे, यांत जो फरक आहे तोच या दोन मर्यादांत आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता याचे कारण दुर्बोध नाही. ॲप तयार करणाऱ्याला जास्तीची माहिती मागविण्यास वेगळा खर्च पडत नाही. 'पुढेमागे लागेल' म्हणून तो सर्व रकाने मागवितो. त्याचा भार सर्व्हरवर, जाळ्यावर आणि इतर वापरकर्त्यांवर पडतो. गोपनीयतेचा धोका तर ज्याची माहिती आहे त्या नागरिकाच्या माथी बसतो. लाभ एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा अशी स्थिती असते तेथे केवळ सद्‌बुद्धीच्या आवाहनाने भागत नाही. नियम करावा लागतो.

आपल्याकडे तो नियम आता झाला आहे. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, आणि बऱ्याच स्थित्यंतरांनंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. घोषित हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती संमती मानावी, असे त्याचे सहावे कलम सांगते. दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपला रुग्णाच्या मोबाईलमधील संपर्कयादीची गरज नाही, हे उदाहरण कायद्याच्या मजकुरातच दिलेले आहे. सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि संमतिपत्रावर हेतू नीट लिहिला आणि कनेक्टरमधून मात्र सर्व रकाने ओढून घेतले, तर कायद्याचे पालन कागदापुरतेच राहील.

यावर एक आक्षेप संभवतो. कारकुनाने स्वतःच्या बुद्धीने साधन तयार करावे हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य. त्यावर नियमांचे ओझे लादले तर सारे पुन्हा तज्ज्ञांच्या दारी जाईल. आक्षेपात तथ्य आहे, म्हणून नियम थोडे आणि पाळता येण्याजोगे असावेत. पहिला असा की निवड आणि बेरीज मूळ साठ्यातच व्हावी. ते शक्य नसेल तर साठा बदलावा, मर्यादेचा आकडा वाढवून समाधान मानू नये. दुसरा, ॲपने अपुऱ्या नोंदींवर गणित केले असेल तर तसे पडद्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. तिसरा, कोणाला काय दिसावे हे मूळ साठ्याच्या ठिकाणी ठरावे. पडद्यावरून रकाना झाकणे म्हणजे माहिती न देणे नव्हे. ॲपशीटमध्ये वस्तू नजरेआड करणारी गाळणी आणि ती उपकरणापर्यंत पोचूच न देणारी गाळणी अशा दोन निराळ्या सोयी आहेत, त्या याच भेदामुळे. चौथा, वापरात आणण्यापूर्वी नोंदींची मर्यादा मुद्दाम एकवर आणून ॲप तपासावे. मायक्रोसॉफ्ट स्वतःच हा उपाय सुचविते. एका नोंदीच्या मर्यादेतही उत्तर बरोबर आले तर काम खरोखर साठ्याकडे सोपविले गेले आहे असे समजावे.

या चारही गोष्टींना मोठा खर्च नाही. त्यांना लागते ती जबाबदारीची निश्चिती. पतसंस्थेच्या, नगरपालिकेच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रमुखाने ॲपचा आकडा आणि मूळ साठ्यातील आकडा यांचा ताळा दर तिमाहीस घ्यावा, लेखापरीक्षकाने तो ताळा मागावा, आणि चूक निघाल्यास ती ॲप तयार करणाऱ्या कारकुनाच्या माथी मारू नये. यंत्राने दिलेल्या आकड्यावर शिष्यवृत्ती मंजूर होते, कर्ज थकीत ठरते, औषधांचा साठा मागविला जातो. पाचशे एकाव्या नोंदीवरील माणसाला आपण मोजले गेलो नाही हे कळण्याचा मार्गच नसतो. त्याच्या वतीने ही विचारणा करणे हे संस्थेच्या प्रमुखाचे कर्तव्य आहे, आणि ते कोणत्याही कनेक्टरकडे सोपविता येणार नाही.