खडकवासल्याच्या अलीकडचे गाव

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला, पण मराठी मुलाची तिथली वाट बऱ्याचदा छत्रपती संभाजीनगरावरून जाते. राज्य सरकारने 1977 मध्ये तिथे सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, मग अकरावी-बारावीची दोन वर्षे कॉलेज, कवायत आणि प्रबोधिनीची तयारी.

प्रबोधिनीची लेखी परीक्षा 900 गुणांची आणि निवड मंडळाची चाचणीही 900 गुणांचीच. गणित कोणताही क्लास घोटून घेईल. मंडळापुढचे पाच दिवस मात्र वेगळे: अनोळखी मुलांत गटचर्चा, मैदानावर फळ्या-दोरांनी अडथळा ओलांडणे, मनाचा ठाव घेणाऱ्या चाचण्या. गावाकडचा हुशार मुलगा इथेच गप्प होतो, तेही बहुधा इंग्रजीच्या धास्तीने. ही भीड महिन्याभराच्या क्रॅश कोर्सने मोडत नाही. त्याला वसतिगृहातली दोन वर्षेच लागतात.

मुलींना प्रबोधिनीचे दार 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडले. राज्याने नाशिकला त्यांच्यासाठी अशीच संस्था 2023 मध्ये सुरू केली, हे बरे झाले. पण एवढ्या मोठ्या राज्यात मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक? विदर्भ आणि कोकणाने किती थांबायचे, हे सरकारने एकदा सांगून टाकावे.