विकरे, उत्प्रेरक आणि कचऱ्याचा हिशेब

औषधनिर्मितीत एक किलो मालामागे २५ ते १०० किलो, क्वचित त्याहूनही अधिक कचरा निघतो, असा हिशेब रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली मांडला. कारखान्याच्या ताळेबंदात या कचऱ्याची पुरती नोंद होत नाही; त्याची किंमत खाडीकाठचे मच्छीमार आणि कामगार मोजतात. नफा खाजगी व नुकसान सार्वजनिक, हे भांडवली उत्पादनाचे जुनेच सूत्र होय.

या नासाडीचे एक मूळ रसायनशास्त्रात आहे. अनेक औषधी रेणू उजव्या-डाव्या हातांसारख्या दोन रूपांत तयार होतात. उपयोगी बहुधा एकच असते. लायपेजसारखे विकर, म्हणजे एन्झाइम, नेमके एक रूप निवडते. मात्र उरलेला निम्मा माल वाया जातो. स्वीडनमधील यान बेकवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली विकराच्या जोडीला त्याच पात्रात रुथेनियमचा उत्प्रेरक वापरला. तो उरलेल्या रूपाची सतत उलटापालट करतो आणि विकर त्यातून हवे ते रूप उचलीत जाते. ५० टक्के उत्पादनाची मर्यादा अशा रीतीने १०० टक्क्यांपर्यंत गेली.

परंतु अशा शोधांचा लाभ समाजाला आपोआप मिळत नाही. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन तयार करताना लागणारी ऱ्होडियम धातूची पायरी मर्क व कोडेक्सिस या अमेरिकी कंपन्यांनी नव्याने घडविलेल्या विकराच्या साहाय्याने टाळली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत कचरा १९ टक्क्यांनी घटला. तरीही भारतीय रुग्णांसाठी औषध खरे स्वस्त झाले ते २०२२ साली, पेटंटची मुदत संपल्यावर.

स्वच्छ पद्धत परवडत नाही, सक्ती केल्यास कारखाने बंद पडून कामगार उपाशी मरतील, असा धाक मालकवर्ग घालतो. सांडपाणी फुकटात सोडता येते तोवर स्वच्छ पद्धत महागच दिसणार. म्हणून प्रदूषणाची पूर्ण किंमत मालकाकडून वसूल झाली पाहिजे. त्याचबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या, जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांतील संशोधन लहान कारखान्यांना सुलभ अटींवर मिळाले पाहिजे. लोटे-परशुराम, तारापूर येथील कामगार संघटनांनी वेतनवाढीच्या मागणीपत्रात या दोन मागण्यांचा समावेश करावा. रोजगार आणि खाडी यांपैकी एकाचीच निवड करण्याची पाळी कामगारावर येता कामा नये.